राज्यांचे हक्क, पण कोणत्या राज्यांचे?

'अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून झालं' असं काही जण म्हणतात. मग दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याने डिसेंबर १८६० मध्ये देशातून फुटून निघताना काढलेलं निवेदन एकदा वाचाच. त्यातली तक्रार उत्तरेकडची राज्यं आपले हक्क वापरतात हीच आहे! पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, न्यूयॉर्क तर गुलामाला सोबत घेऊन नुसतं राज्यातून जाऊही देत नाही, वगैरे. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याखाली केंद्राचे अधिकारी उत्तरेत माणसं धरत होते, तेव्हा दक्षिणेला केंद्रसत्ता गोडच लागत होती. उलट उत्तरेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्याच्या हक्काचा झेंडा तेव्हा गुलामगिरीविरोधकांच्या हाती होता. १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने उलटवला.

बाकी दुसरी, म्हणजे उदारमतवाद्यांची, बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. बंदूक घेणाऱ्यांची तपासणी स्थानिक शेरिफांवर (पोलीसप्रमुखांवर) केंद्राला लादता येणार नाही, असा प्रिंट्झ खटल्याचा निकाल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले पुराणमतवादी न्या. स्कॅलिया यांनी लिहिला. उदारमतवादी न्यायमूर्ती तेव्हा विरोधात होते. ट्रम्प आल्यावर स्थलांतरितांना अभय देणारी शहरं त्याच निकालाचा आधार घेऊ लागली. आणि स्कॅलिया? २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने मुभा दिलेल्या, पण केंद्राची बंदी असलेल्या औषधी गांजाचा प्रश्न आला, तसे ते केंद्राच्या बाजूने गेले. दुसरे पुराणमतवादी न्या. थॉमस (एरवी मला अजिबात न पटणारे) तिथेही राज्याच्याच बाजूने राहिले.