मसाला उकळून नाही, मुरवून लागतो

श्रिंप बॉइल, म्हणजे मसालेदार पाण्यात बटाटे-मक्यासोबत उकडलेली कोळंबी, घरी केली की दोन तक्रारी येतात: कोळंबी वातड झाली आणि मसाला सालीवरच राहिला. दोन्हीचं मूळ एकच. मसाला आत जावा म्हणून कोळंबी उकळत ठेवली जाते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गॅस बंद करून ती त्याच पाण्यात मुरवतात.

सालासकट १ किलो कोळंबीला ५ लिटर पाणी, १०० ग्रॅम मीठ (तयार मसाल्यात मीठ असेल तर निम्मं घालून चाखा), २ मोठे चमचे केयेन (तिखट लाल मिरचीची पूड), तितकीच पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), २ लिंबं, २ कांदे, लसणाचे २ अख्खे गड्डे. मोहरी, धणे, तमालपत्र, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाचे मसाल्याचे दाणे) पुरचुंडीत बांधा. कोळंबी सोडून हे सगळं १० मिनिटं उकळा आणि पाणी चाखा. ते नुसतं प्यायला नको वाटेल इतकं खारट-तिखट हवं, कारण बटाटा बरीच चव गिळतो.

आधी छोटे बटाटे, १२ मिनिटं. मग आंदुई (धुरावलेलं मसालेदार पोर्क) सॉसेज आणि मक्याचे तुकडे, ५ मिनिटं. शेवटी कोळंबी. ती गुलाबी होऊन वळली, साधारण २ मिनिटांत, की गॅस बंद. लगेच भरपूर बर्फ टाका. शिजणं मंदावतं आणि निवांत मुरवता येतं. १० मिनिटांनी एक सोलून चाखा, कमी वाटलं तर आणखी ५. साल मांसाला चिकटू लागली तर जास्त शिजली समजा.

लसूण-बटरचा सॉस वरून ओतणं ही टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराच्या व्हिएतनामी-केजन (केजन म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांची) पद्धतीची खासियत. जरूर करा, पण मुरवणं त्यासाठी टाळू नका.