स्टिकर 'तपासले'चा आणि ग्राइंडरला झिणझिण्या, टेस्टिंग नक्की कशी करून घ्यायची?

स्टोअर_सांभाळतो
नमस्कार मंडळी, आमच्याकडे खाली छोटं वर्कशॉप आणि वर ऑफिस, ड्रिल, बेंच ग्राइंडर, एक्स्टेंशन बोर्ड, कॉम्प्युटर, प्रिंटर, किटली असं सगळं मिळून बरंच सामान आहे आणि त्याच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीची जबाबदारी आता माझ्याकडे आलीये. मी इलेक्ट्रिशियन नाही. मध्यंतरी बाहेरच्या एका एजन्सीची माणसं येऊन सगळ्यावर 'तपासले'चे स्टिकर लावून गेली, रिपोर्टमध्ये एकही रीडिंग नाही, नुसतं ओके ओके लिहिलंय. आणि आता दोन मुलं सांगतायत की बेंच ग्राइंडरला हात लागला की झिणझिण्या येतात. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, त्याने मी तपासू शकतो का? आणि हे किती दिवसांनी करायचं असतं? वर ऑफिसमध्ये सकाळी सगळे पीसी चालू झाले की आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो तो वेगळाच त्रास, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

मेंटेनन्सवाला
आधी तो ग्राइंडर बंद करा, प्लग काढा आणि 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून सरळ बाजूला ठेवा, बाकीचं नंतर बघू. झिणझिण्या येतायत म्हणजे बॉडीवर करंट उतरतोय आणि त्याला अर्थमधून जायला वाट मिळत नाहीये. अर्थ नीट असता तर मुलांना काही जाणवलंच नसतं. साधारण १ मिलिअँपियरला झिणझिणी कळते, १० च्या आसपास हात आखडतो आणि धरलेली वस्तू सोडवत नाही, ३० च्या पुढे करंट जरा वेळ वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. आज झिणझिणी आहे पण उद्या हात घामाने ओला असला, पायात चप्पल नसली तर त्याच मशीनवर काय होईल सांगता येत नाही.

आता टेस्टिंगचं. पहिली टेस्ट डोळ्यांची आणि बहुतेक दोष तिथेच सापडतात. वायर कुठे सोललीये का, प्लगटॉपमध्ये वायर जिथे शिरते तिथे क्लॅम्पने वरचं आवरण धरलंय का की आतल्या बारीक वायरींवरच ओढ येतेय, पिना काळ्या पडल्यात का, टेपने जोडलेला जॉइंट आहे का. हे तुम्ही स्वतः करू शकता, फक्त प्लग काढून करा.

मग पाटीवर बघा, चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं म्हणजे क्लास २, त्याला अर्थ नसतोच. हातातले ड्रिल बहुतेक असेच असतात. खूण नसेल आणि बॉडी लोखंडी असेल तर ते क्लास १ धरा, त्याचा सगळा भरवसा अर्थवर. तुमचा ग्राइंडर यातलाच असणार.

वायरमन_जुना
मल्टिमीटर आहे की, अर्थ पिन ते बॉडी कंटिन्युइटीला (वायर सलग आहे का ते बघायच्या सेटिंगला) लावायचा, बीप आला की अर्थ आहे, एवढं अवघड काही नाही त्यात.

मेंटेनन्सवाला
नाही दादा, इथेच लोक फसतात. बरेच मीटर ३०-४० ओहमपर्यंतसुद्धा बीप देतात. समजा अर्थच्या वाटेत ३० ओहम आहेत आणि आत फेज बॉडीला चिकटली, तर २३० भागिले ३० म्हणजे साडेसात अँपियरच्या आसपास करंट जाईल, १६ अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) त्यावर पडायचाच नाही आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच बसून राहील. बीप मात्र छान आला होता. बीप नाही आला तर अर्थ तुटलाय किंवा धड नाही हे नक्की, पण बीप आला म्हणून अर्थ चांगला आहे असं होत नाही. पाहिजे असतं फार तर ०.१ ओहम, आणि त्यात वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स मिळवायचा, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.०१३ ओहम धरा, म्हणजे २० मीटरच्या एक्स्टेंशनला ०.३६ पर्यंत चालेल. इतकं कमी रीडिंग साध्या मीटरवर खात्रीने येत नाही. त्याला टेस्टर वेगळा असतो आणि मोठा करंट सोडणारा असला तर उत्तम, कारण वायरीचे सगळे तार तुटून एकच राहिला असेल तरी छोट्या करंटला फरक कळत नाही.

त्यानंतर मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या समोर ५०० व्होल्ट डीसी, क्लास १ ला निदान १ मेगओहम, क्लास २ ला बॉडीवर प्रोब लावून निदान २. आणि मशीनचं बटण चालू ठेवून मेगर मारायचा, प्लग अर्थातच काढलेला! बटण बंद ठेवून मारला तर बऱ्याचदा फक्त वायरीची टेस्ट होते, मोटर तशीच राहते, आणि रिपोर्टवर आकडा मात्र झकास येतो. पुढच्या वेळी एजन्सीला रीडिंग लिहूनच मागा, आकडा नसलेला रिपोर्ट घेऊच नका.

सर्व्हर_रूम
आरसीसीबीचं मी सांगतो. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट कायम अर्थला जातोच, तो दोष नाही. पण एका ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर वीसेक मशीन टाकली की सगळ्यांचं मिळून बरंच होतं, आणि ३० वाला १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. सर्किट वाटून घ्या, आरसीसीबी काढून टाकू नका प्लीज, काही ठिकाणी तोच उपाय करतात आणि ते फार वाईट आहे. आणि एक, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक उसळलं तर ते दाबणारा भाग) असलेल्या बोर्डवर ५०० चा मेगर मारला तर रीडिंग पडतं, चांगला बोर्ड नापास होतो, तिथे २५० वर करा किंवा सरळ लीकेज, म्हणजे अर्थला गळणारा करंट मोजा.

सुरक्षा_ताई
किती दिवसांनी याला एक आकडा नाही, आणि 'सगळ्याला वर्षातून एकदा' ही पद्धत मला पटत नाही. टेबलावर पडून असलेला मॉनिटर आणि रोज ओढला जाणारा, पाण्यात पडणारा ड्रिल यांना सारखी तारीख कशी लावणार? हातात धरायचं, हलवायचं, ओल्या जागी वापरायचं ते लवकर लवकर, जागेवरचं उशिरा. एक्स्टेंशन बोर्ड विसरू नका, सगळ्यात जास्त मार तेच खातात. आणि वापरणाऱ्याने रोज प्लग लावायच्या आधी वायरीवरून एक नजर टाकायची सवय लावा. मागची रीडिंग जपून ठेवा, मेगरचं रीडिंग ५० मेगओहमवरून ८ आणि ८ वरून ३ वर येत असेल तर ते मशीन पास असूनही उघडून बघायला पाहिजे.

स्टोअर_सांभाळतो
खूप आभार सगळ्यांचे. ग्राइंडर काढून ठेवला, इलेक्ट्रिशियनने प्लगटॉप उघडला तर अर्थची वायर स्क्रूमधून निघून नुसती आत पडली होती, आणि त्याच्यावर स्टिकर आहे! आता सगळे प्लगटॉप उघडून बघायला सांगितलंय. अजून एक, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर पडतो, म्हणजे अर्थिंग बरोबर आहे असं धरू ना?

मेंटेनन्सवाला
नाही, ते बटण आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट फिरवतं, त्याला अर्थ लागतच नाही. अर्थिंग पूर्ण तुटलेलं असलं तरी बटणावर पडेल. पडायचं यंत्र अडकलेलं नाही एवढंच त्यातून कळतं, तेवढ्यासाठी अधूनमधून दाबत राहा. किती मिलिसेकंदात पडतो ते टेस्टरने मोजायचं, रेटेड करंटला ३०० च्या आत पाहिजे. आणि त्या ग्राइंडरचं एवढ्यावर सोडू नका, अर्थ सुटला होता हे अर्धंच झालं, बॉडीवर करंट आला कुठून ते मेगर मारून बघा, वाइंडिंगमध्ये ओल किंवा लोखंडाची धूळ गेली असेल तर तो आकडा नक्की पडलेला असणार. ज्या सॉकेटला तो लागतो त्याचा अर्थही तपासून घ्या, आणि रीडिंग आली की इथे टाका, बघतो.