कृष्णकमळ कमळ आहे का, आणि ‘पॅशन’ कशाची?

प्रश्न : अंबाजोगाईला आमच्या फाटकावर निळ्या-जांभळ्या फुलांचा वेल आहे. आजी म्हणते कौरव-पांडव, शेजारच्या काकू म्हणतात कृष्णकमळ, नर्सरीवाला पॅशन फ्लॉवर. भाचीनं शाळेच्या वहीत ‘आवडीचं फूल’ असा अर्थ लिहिलाय. चालेल का?

उत्तर : ताई, तेवढं खोडायला सांगा. ‘मला क्रिकेटचं पॅशन आहे’ म्हणतो ती पॅशन इथं नाही. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ सोसणं, यातना. स्पॅनिश मिशनऱ्यांनी दक्षिण अमेरिकेत हे फूल पाहिलं आणि त्यांना त्यात येशूच्या यातना दिसल्या. तंतूंचं कडं म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर पाच जखमा, वरचे तीन दांडे खिळे.

आपल्या लोकांनी तेच तंतू शंभर कौरव केले, पुंकेसर पांडव, वरचे तिघं ब्रह्मा-विष्णू-महेश. मधला गोळा आमच्याकडं कृष्ण, काही घरांत द्रौपदी. पांडव पाचच भरतात. कौरव मोजायला मी एकदा बसलो होतो. सत्तरच्या पुढं बोट चुकलं अन् मावशीनं चहाला हाक मारली.

कमळाशी नातं मात्र काही नाही. ब्रह्मकमळ म्हणून आपण कुंडीत लावतो तो निवडुंग, तसंच हे. मोठं, देखणं फूल दिसलं की आपण कमळ म्हणून मोकळे.

प्रश्न : आजी पानांचा काढा करायचा म्हणते, झोप लागते म्हणे.

उत्तर : नका करू देऊ. झोपेसाठी वापरतात ती याच गटातली वेगळी जात, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, उत्तर अमेरिकेतली. होमिओपॅथीच्या दुकानात तिचेच थेंब मिळतात. तुमचा वेल बहुतेक सेरुलिया जातीचा नाहीतर संकर असेल. सेरुलियाच्या पानांत सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. सरबताचं पॅशन फ्रूट तिसऱ्याच जातीचं, एड्युलिस. आणि बांधावर केसाळ जाळीत पिवळं फळ धरणारा रानवेल दिसतो ना, ती चौथी, फीटिडा. पान चुरगाळून वास घ्या, लॅटिन न शिकता नाव कळेल.

आणखी एक : हिंदी बोलणारे शेजारी राखीफूल म्हणतात, ते राहिलं की. अन् पानं कुरतडलेली दिसली तर लगेच औषध मारू नका. केशरी फुलपाखराच्या काटेरी अळ्या असतात त्या.

प्रश्न : बरं, मग वहीत काय लिहायचं?

उत्तर : कृष्णकमळ. आणि आजीचं कौरव-पांडव कंसात.