मदत हवी आहे: सिंगापूरला १४ तास थांबा, व्हिसा नाही, बाहेर पडता येईल का?

गोदाकाठ
शुक्रवारी रात्री आई-बाबा निघतायत. सिंगापूरला सकाळी सहाला उतरणार, पुढचं विमान रात्री आठला. सिंगापूरचा व्हिसा काढलेला नाही आणि आता वेळही नाही. बाहेर पडून थोडं शहर बघता येईल का? हो की नाही एवढंच हवंय. एजंट फोन उचलत नाही. जाणकारांनी लवकर सांगा.

सुपारी_कातरणी
पुढे कुठे जातायत? पासपोर्ट भारतीयच ना? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

बोरकूट
नाही. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतोच. मी बालीहून परतताना विचारलं होतं. पासपोर्टवर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, होता, तरी बाहेर पडता आलं नाही. एजंट लोक काहीही सांगतात.

दुबईकर_दादा
सिंगापूर कशाला? माझं ऐका, दुबईमार्गे जा. तिथल्या कंपन्यांच्या विमानाने गेलात तर ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढता येतो, बुर्ज खलिफा बघून होतो. फक्त सामानात खसखस नको, तिथे ती अमली पदार्थांत धरतात.

गोदाकाठ
भारतीयच पासपोर्ट. सिडनीला चाललेत, ताईचं बाळंतपण आहे. नाशिकहून सिडनीला जाताना दुबई कुठून येणार?

मेघना_ऑकलंड
म्हणजे त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे! तो एकेरी प्रवेशाचा की बहुप्रवेशाचा, आणि किती दिवस बाकी आहे?

गोदाकाठ
व्हिसा आहेच की, म्हणून तर चाललेत. पुढच्या वर्षीपर्यंत आहे, कितीही वेळा जाता येतं. पण मी सिंगापूरचं विचारतोय.

मेघना_ऑकलंड
सिंगापूरचंच सांगतेय. भारतीयांसाठी ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे, व्हीएफटीएफ म्हणतात तिला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन, अमेरिका यांपैकी एका देशाचा व्हिसा हवा आणि उतरल्यापासून तो निदान महिनाभर चालणारा हवा. पासपोर्टची मुदत सहा महिने हवी. पुढचं पक्कं तिकीट हवं, तेही तिसऱ्या देशाचं. मुंबई-सिंगापूर-मुंबई चालत नाही. तुमचे आई-बाबा यात बसतात. शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा असतो, पण कागद नीट असले की सहसा अडत नाही.

बोरकूट, तुमचा शेंगेन कुठल्या देशाने दिलेला?

बोरकूट
फ्रान्स. शेंगेन म्हणजे शेंगेन, देशाने काय फरक पडतो?

मेघना_ऑकलंड
इथे पडतो. यादीत शेंगेनमधली जर्मनी आणि स्वित्झर्लंड ही दोनच नावं आहेत, फ्रान्स नाही. म्हणूनच अडलं.

बोरकूट
तरी मी म्हणेन, म्हाताऱ्या माणसांना या भानगडीत पाडू नका. चांगीत, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, आतच बसू द्या. तिसऱ्या टर्मिनलला फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे, पाय पसरून झोपायच्या खुर्च्या आहेत.

रानवारा
असहमत. १४ तास आत बसवून काय करणार? विमानतळालगतच्या ज्वेल मॉलमधला तो ४० मीटरचा धबधबासुद्धा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, आतून जाता येत नाही. थांबा साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी असला की चांगीवाले फुकट सहलही देतात, बसने फिरवून परत आणून सोडतात. तिलाही सिंगापूरमध्ये शिरण्याची पात्रता लागतेच.

स्वतः फिरणार असतील तर मेट्रोने एक्स्पोला उतरून डाउनटाउन लाइन पकडा, ती सरळ लिटल इंडियाला नेते. तिथे शाकाहारी जेवणाची ददात नाही, सेरंगून रोडवर इडली-डोसा, थाळी सगळं मिळतं. भारतातलं टॅप करायचं मास्टरकार्ड किंवा व्हिसा कंपनीचं कार्ड मेट्रोच्या गेटवर चालतं, फक्त बँकेकडून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

पायवाट
चीनने २४० तास व्हिसाशिवाय सोडायला सुरुवात केलीय, तेही बघा.

सुपारी_कातरणी
त्या यादीत भारत नाही. चीनची २४ तासांची सवलत वेगळी. आणि त्यांचं तिकीट सिंगापूरमार्गे आहे हो!

गोदाकाठ, मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-सिडनी एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहे ना?

गोदाकाठ
दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. स्वस्त पडलं. त्याने काय होतं?

सुपारी_कातरणी
तेच पहिल्यांदा सांगायला हवं होतं. मोठ्या बॅगा बहुतेक सिंगापूरपर्यंतच टॅग होतील. त्या पट्ट्यावरून घ्यायच्या आणि पुन्हा चेक-इन करायच्या म्हणजे इमिग्रेशन ओलांडणं आलंच. हौसेचा प्रश्न उरलाच नाही, बाहेर पडावंच लागेल. उद्या सकाळी पहिल्या कंपनीला फोन करा आणि सरळ विचारा: बॅगा सिडनीपर्यंत टॅग करून देता का? नाही म्हणाले तर मुंबईच्या काउंटरवरही तुम्हाला व्हीएफटीएफचं समजावून सांगावं लागेल. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, व्हिसा मंजुरीचं (ग्रँटचं) पत्र आणि सिडनीचं तिकीट, दोन्ही छापून आईच्या पर्समध्ये द्या. फोनच्या भरवशावर राहू नका.

मेघना_ऑकलंड
+१. आणि एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, दोघांचंही भरा. ते पोहोचण्याच्या तारखेसह तीन दिवसांच्या आतच भरता येतं. सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटी खोट्या. ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

रानवारा
वडील तंबाखू खात असतील तर पुडी घरीच काढून ठेवा. सिंगापूरमध्ये खायच्या तंबाखूवर आणि गुटख्यावर बंदी आहे, सिगारेटला ड्यूटीची सूट नाही.

दुबईकर_दादा
सिडनीला डिंकाचे लाडू नेतायत का?

गोदाकाठ
आईने लाडू, पेढे सगळं भरलंय. पण ते राहू द्या. बॅगा घेऊन लिटल इंडियात कसे फिरणार?

मेघना_ऑकलंड
विमानतळावर पैसे भरून सामान ठेवायची सोय आहे, उतरल्यावर तिथे ठेवा. पेढे मात्र आजच काढा, दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत. लाडू नेणार असाल तर ऑस्ट्रेलियाच्या प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थांसमोर 'हो' लिहायला सांगा. न सांगितल्यास दंड मोठा आहे.

बोरकूट
परत येताना फ्रान्सचा चालेल का मग?

सुपारी_कातरणी
नाही.