पहाटे मासे वर येऊन तोंड काढतात. एअर पंप मोठा घ्यावा का? (खाऱ्या पाण्याचा ३ फुटी टँक)

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत राहते. टँक ३ x १.५ x १.५ फूट, दगड-वाळू वजा जाता साधारण १६० लिटर पाणी. आठ महिने झालेत. दोन क्लाऊनफिश, एक डॅमसेल, एक गोबी आणि दीड महिन्यापूर्वी आणलेला फॉक्सफेस.

पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून मी उठते. गेला आठवडाभर तेव्हा बघतेय, फॉक्सफेस वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याला लावून उभा असतो आणि कल्ले धाडधाड हलत असतात. क्लाऊनची जोडीही वरच. नऊला लाईट लागतो, दहा-साडेदहापर्यंत सगळे आपापल्या जागी. खातातही नीट. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा (विशिष्ट घनता) १.०२५, तापमान सध्या २९-३०.

मागे लटकवलेला फिल्टर आहे, एक एअर पंप (बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन) आणि एक वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप), ताशी ४००० लिटरचा. दुकानात सांगितलं, दोन नळ्यांचा मोठा एअर पंप घ्या. कोणता घेऊ? मासे हातचे जातील या भीतीने झोप लागत नाही.

प्रवाळवेडा
ताई, खरेदी आज थांबवा. आधी तीन गोष्टी सांगा. वेव्हमेकर कुठे लावलाय आणि तोंड कुठे? रात्री चालू असतो का? झाकण कसलं आहे?

खाडीकाठची
मागच्या बाजूला तळाशी, दगडामागे घाण साचू नये म्हणून. रात्री अकराला टायमरने बंद होतो. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, त्यांना घरघर ऐकू येते, आणि मला वाटलं माशांनाही शांतता हवी. झाकण काचेचं, पूर्ण बसतं. उघडं ठेवलं की भिंतीला ओल धरते.

प्रवाळवेडा
मग कारण बहुतेक तिथेच आहे.

पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून, जिथे पाणी आणि हवा भेटतात. तो थर स्थिर राहिला तर वरचं बोटभर पाणी भरून जातं आणि खालचं उपाशी राहतं. वरचं पाणी सतत खाली आणि खालचं वर, एवढंच आपल्याला करायचं असतं. दिवसा शेवाळं आणि दगडावरचे जीव प्रकाशात ऑक्सिजन सोडतात. लाईट गेला की तेच ऑक्सिजन घ्यायला लागतात, सोबत मासे आणि दगड-वाळूतले जिवाणूही. त्यामुळे रात्रभर साठा उतरत जातो आणि सगळ्यात कमी असतो तो पहाटे. तुम्ही पाणी हलवणं थांबवता ते नेमकं त्याच वेळी.

त्यात खारं पाणी मुळातच कमी ऑक्सिजन धरतं. २५ अंशाला गोडं पाणी लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम धरू शकतं, समुद्राचं ६.७ च्या आसपास. ३० अंशाला समुद्राचं ६.२ वर येतं. वर उन्हाळ्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. हिवाळ्यात याच टँकने तक्रार केली नसती.

आज रात्री एवढं करा. वेव्हमेकर वर घ्या, पाण्याच्या पातळीखाली चार बोटं, आणि तोंड किंचित वरच्या दिशेला, लांबीच्या बाजूने. पाणी उकळी फुटल्यासारखं उडायला नको. पूर्ण पृष्ठभागावर पिठाच्या चाळणीसारखी थरथर दिसली पाहिजे. वर भोवरा होऊन हवा ओढली जात असेल तर बोटभर खाली घ्या. टायमर काढा. चोवीस तास चालू.

१६० लिटरला ४००० म्हणजे तासाला पंचवीस पट. मऊ प्रवाळ आणि माशांच्या टँकला १० ते २० पट म्हणतात, म्हणजे पंप तुमच्याकडे पुरेसा आहे, फक्त जागा चुकलीय. माशांच्या खाण्याच्या फ्लेकची चिमूट टाकून बघा. पाच मिनिटांनीही एका कोपऱ्यात तसेच तरंगत राहिले तर तो कोपरा मेलेला समजा.

निळी_खोली
वरच्याशी सहमत. एक भर. पंप बंद करून टॉर्च तिरका धरा आणि पाण्याची वरची बाजू बघा. तेलकट, इंद्रधनुषी तवंग दिसेल. खाण्यातलं तेल आणि प्रथिनं वर साचतात, त्या थरातून हवेची देवाणघेवाण मंदावते. साधा टिश्यू पेपर अलगद पाण्यावर ठेवून उचला, तवंग त्याला चिकटून येतो. माझ्या टँकमधून पहिल्या दिवशी असे सहा कागद निघाले. पुढे वरचं पाणी ओढून घेणारा स्किमर घेतलात तर हे काम तोच करेल आणि भरपूर हवाही मिसळेल. पैसे खर्च करायचेच असतील तर एअर पंपाऐवजी तिथे करा.

काचेचं झाकण काढून जाळी बसवा. फॉक्सफेस दचकून उडी मारतो, उघडं ठेवू नका. त्याच्या पाठीच्या काट्यात विष असतं, जाळीने पकडताना हात सांभाळा.

अर्नाळ्याचा
एअर पंपाला इतकं नावं ठेवू नका. माझा टँक चार वर्षं एअर स्टोनवरच होता आणि मासे ठणठणीत होते.

प्रवाळवेडा
दादा, चालतं, नाकारत नाही. पण बुडबुडा स्वतः फार थोडा ऑक्सिजन देतो, दोन सेकंदांत वर जाऊन फुटतो. तो वर जाताना खालचं पाणी सोबत उचलतो आणि फुटताना वरचं पाणी हलवतो, खरं काम ते. तेच काम पंप अख्ख्या टँकभर करतो. खाऱ्या पाण्यात दुसरा त्रास असा की प्रत्येक फुटणारा बुडबुडा मिठाचे बारीक थेंब उडवतो. लाईटवर, झाकणावर, वायरवर पांढरी पुटं चढतात. माझ्या एका प्लगमध्ये हे मीठ शिरून ठिणगी उडाली होती. तेव्हापासून प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ देतो, म्हणजे थेंब झोळाच्या टोकावरून जमिनीवर पडतो, प्लगमध्ये जात नाही. ताई, हे तुम्हीही आजच बघा, घरात वयस्कर माणूस आहे.

तुमचा एअर पंप टाकू नका. लाईट गेल्यावर तो इन्व्हर्टरवर उपयोगी पडेल.

अर्नाळ्याचा
हे पटलं. मिठाच्या पुटांचा त्रास मलाही झालाय.

खाडीकाठची
लाईटवरून आठवलं. आमच्याकडे मे महिन्यात दोन-दोन तास वीज जाते. तेव्हा काय?

निळी_खोली
इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या. अडॅप्टरवर चालणारा डीसी पंप असेल तर उत्तम. साधे एसी पंप स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टच्या ८ वॅटच्या पंपाला ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी लावा. निम्मीच वापरली तरी पाच तास निघतात. तेही नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप. लाईट गेला की खायला अजिबात घालू नका.

आणि काहीच नसेल तर मग घ्या हातात. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे रात्री अकरा तास वीज नव्हती. मी आणि मुलगी दर दहा मिनिटांनी टँकमधलं पाणी मगाने उचलून हातभर उंचीवरून परत ओतत होतो. हात भरून आले, पण एकही मासा गेला नाही.

कांदळवन
दोन इशारे. सगळे मासे एकदम, फक्त पहाटे, आणि लाईट लागल्यावर बरे, हे ऑक्सिजनचं लक्षण. पण एकच मासा दिवसभर पंपाच्या धारेत उभा राहून धापा टाकत असेल, अंगावर पिठाची भुकटी पडल्यासारखं दिसत असेल, तर तो कल्ल्यांतला परजीवी असू शकतो. तेव्हा प्रवाह वाढवून भागणार नाही, मासा वेगळा काढून उपचार लागतात.

दुसरं, तापमान. पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका सोडला तर बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं.

खाडीकाठची
पाच दिवसांनी लिहितेय. त्या रात्रीच वेव्हमेकर वर घेतला, टायमर काढला. तवंग काढायला चार टिश्यू लागले, नुसता हात लावला तरी कळेल इतका बुळबुळीत. झाकणाच्या जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीत मच्छरदाणीची जाळी बसवून घेतली. पहिली पहाट धास्तीतच उठले. फॉक्सफेस दगडाच्या कपारीत, अंगावर रात्रीचे तपकिरी डाग घेऊन झोपलेला! क्लाऊन त्यांच्या कोपऱ्यात. आज पाचवा दिवस, कोणीही वर नाही.

आवाजाचं असं झालं, वेव्हमेकर काचेला घट्ट टेकला होता म्हणून घरघर होती. चुंबकाखालचा रबर नीट बसवल्यावर खूप कमी झाली. सासूबाई म्हणाल्या, नळ ठिबकल्यासारखं वाटतं, चालेल.

एकच अडचण. वाळूचा एक कोपरा आता उडतोय, तिथे खड्डा पडला.

प्रवाळवेडा
फार बरं वाटलं वाचून. तोंड समोरच्या काचेच्या वरच्या तिसऱ्या भागावर आदळेल असं वळवा. धार काचेवर फुटून पसरते आणि वाळूपर्यंत जोर राहत नाही. तरी उडालीच तर त्या कोपऱ्यात दगडाचे दोन तुकडे ठेवा. महिन्यातून एकदा पंप काढून पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाण्यात तासभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने पंखा घासा, गोड्या पाण्यात धुऊन परत लावा. पंख्यावर चुन्याचा थर चढला की तो ४००० चा पंप २५०० वर कधी येतो ते कळतही नाही.