बॉडी उचलण्याआधी आडवा पाइप मारून घ्या

जुन्या सीजे-३बी जीपची बॉडी चासीवरून (खालच्या लोखंडी सांगाड्यावरून) काढताना "नट-बोल्ट सोडले की चार माणसांत बॉडी उचलली जाते" असं सांगतात, ते वजनाच्या बाबतीत खरंच आहे. पण या जुन्या गाडीला खरा प्रश्न वजनाचा नसतो, सडलेल्या पत्र्याचा असतो. या गाडीच्या बॉडीला वर छत नाही, बाजूला दरवाजा नाही. चढायच्या जागी पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवतो तो फक्त खालचा पत्रा, आणि नेमका तोच आधी कुजतो. चासीवर आहे तोवर चासी त्याला सांभाळते. हवेत उचलली की बॉडी मधोमध वाकते.

माझ्या गाडीचं हेच झालं. उचलताना काही जाणवलं नाही. तीन महिन्यांनी रंगवलेल्या चासीवर परत बसवायला घेतली, तर मागची भोकं जुळली आणि पुढची जवळजवळ अर्धा इंच सरकलेली! नवा पत्रा वाकड्या मापावरच वेल्ड केला होता, तो सगळा कापावा लागला.

म्हणून एकही बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या चढायच्या मोकळ्या जागेत एकेक चौकोनी पाइप आडवा ठेवून वेल्डिंगचे टाके मारून घ्या, आणि डावी-उजवी बाजू जोडणारा आणखी एक. कर्णांची मापं खडूने पत्र्यावरच लिहा. खालचा पत्रा पूर्ण बदलून बॉडी चासीवर घट्ट बसेपर्यंत पाइप काढू नका. आणि हो, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती वेल्डिंगच्या आधी काढून लांब ठेवा.