अख्खी थ्री नॉट थ्री सोडवून विकणाऱ्यांना काही प्रश्न

सातारकर_टेक्सास

परवा इथेच एकाने मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की गन शोमध्ये लिथगो कारखान्याची १९१६ सालची अख्खी एसएमएलई (ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री रायफल) मिळाली, एका संध्याकाळी सोडवली आणि सुटे भाग विकून दुपटीच्या वर पैसे केले. वर पुन्हा शहाणपण: "भावना बाजूला ठेवा, साधं गणित आहे." खाली अंगठ्यांची रांग.

गणित बरोबर आहे हो. १९६८ च्या कायद्याने इथे बंदूक म्हणजे फक्त नंबर असलेला रिसीव्हर, नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला सांगाडा. नळी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग), दस्ता, मॅगझीन हे सगळं टपालाने घरपोच जातं. अख्खी दुसऱ्या राज्यात विकायची तर डीलर आला, फॉर्म आले, त्याचं कमिशन आलं. म्हणून तुकडे परवडतात. यात तुमची हुशारी कुठे आली? पाना फिरवता येतो एवढंच सिद्ध झालं.

तुमच्याच फोटोत दिसतंय: रिसीव्हर, बोल्ट, नोजकॅप (टोकाची टोपी), फोरएंड (नळीखालचं लाकूड), चारही ठिकाणी एकच नंबर. शंभर वर्षांत किती आर्मररच्या (पलटणीतल्या शस्त्र-कारागिराच्या) टेबलावर ती उघडली गेली असेल, तरी कुणी तिचे भाग दुसरीत मिसळले नाहीत. ते काम तुम्ही केलंत. आमचे पणजोबा अपशिंग्याचे, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, एप्रिल १९१६ मध्ये तिथलं कुट शहर पडलं तेव्हा कैद झाले. त्यांची एकही वस्तू घरात नाही. म्हणून अशी एखादी धड टिकलेली मोडलेली पाहिली की डोकं फिरतं.

सुटेभाग

तो "एक" मीच. नाव घ्यायला लाज वाटत असेल तर मी घेतो.

आधी पणजोबा. लिथगो ऑस्ट्रेलियात आहे. तिथली रायफल ऑस्ट्रेलियन शिपायाने वापरली. तुमच्या पणजोबांनी ती पाहिलीसुद्धा नसणार. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांना माझ्या गॅरेजात कशाला आणता?

आता मुद्दा. पन्नास-साठच्या दशकांत सरप्लस (सैन्याने काढून टाकलेल्या) रायफली इथे पोत्याने विकल्या गेल्या, त्याही टपालाने. केनेडींवर चालली ती इटालियन कारकानो रायफल एकोणीस डॉलर पंच्याण्णव सेंटच्या जाहिरातीतली. लोकांनी एनफील्ड घेतल्या, फोरएंड करवतीने कापले, नोजकॅप फेकून दिल्या आणि हरणाच्या शिकारीला निघाले. आज प्रत्येक पॉनशॉपात अशी एक तरी नाककापलेली उभी असते. तिला पूर्ववत करायला लाकूड, हँडगार्ड, बँड, नोजकॅप लागते. ते येणार कुठून? माझ्या एका रायफलीवर दुसऱ्या तीन उभ्या राहिल्या. घेणाऱ्यांनी फोटो पाठवलेत.

बोस्टनचा_बंड्या

"उभ्या राहिल्या" हे फोटोपुरतं खरं. एनफील्डचा फोरएंड त्या-त्या रिसीव्हरला घासून बसवलेला असतो. धक्का जिथे लाकडावर येतो तिथे केसभर फट राहिली की नेम गेलाच, पुढे लाकूडही तडकतं. बोल्ट दुसरीचा टाकला तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतलं अंतर) गेजने तपासल्याशिवाय गोळी भरायची नाही, हे नवशिक्याला कोण सांगणार? तुमच्या पार्सलात तशी चिठ्ठी असते का?

माझं दुखणं वेगळं आहे. "ऑल मॅचिंग" (सगळे नंबर जुळणारी) म्हणून एक नंबर फोर, एनफील्डचं पुढचं मॉडेल, घेतली होती, सॅव्हेज कंपनीची, अमेरिकेतच चिकोपी फॉल्सला बनलेली, डाव्या अंगाला "यूएस प्रॉपर्टी" असा शिक्का. घरी आणून भिंगाखाली पाहिली तर बोल्टवरचा जुना नंबर घासून नवा ठोकलेला. सुट्या भागांचा बाजार आहे म्हणूनच ही बनवाबनवी चालते. तरी मीसुद्धा सुटे भाग घेतो, साधुसंत नाही.

मंजिरी_सिएटल

शेजारच्या आजोबांचं निधन झालं, मुलीला बंदुका नको होत्या. नळी आतून खाल्लेली, लाकूड मात्र सुरेख. अख्खीला डीलरने इतका पडेल भाव सांगितला की तिला रडू आलं. शेवटी लाकूड, साइट आणि दस्त्यातली पितळी चकती वेगवेगळी विकली, तेव्हा कुठे अंत्यविधीचे पैसे निघाले. सगळे सोडवणारे हावरट नसतात.

सातारकर_टेक्सास

चकती काढली? ताई, त्या चकतीवर पलटणीचं नाव असतं! आता ती कुणाच्या तरी डबीत पडून असेल आणि रायफल मुकी झाली.

मंजिरी_सिएटल

चकती कोरी होती. आणि तुम्ही तिला पैसे पाठवणार होतात का?

गोदाकाठ

तुमची श्रीमंती भांडणं वाचून करमणूक झाली. इकडे भारतात आर्म्स ॲक्ट, १९५९ मध्ये 'हत्यार' या शब्दात सुटे भागही येतात. घरात बोल्ट सापडला तरी पुढची वर्षं कोर्टात जातील. .३०३ चं लायसन्स सामान्य माणसाला नाहीच, ती प्रोहिबिटेड बोअर, मनाई केलेल्या मापातली. आम्ही ती धरली एनसीसीत, ड्रिलपुरती. चार किलोच्या आसपास धूड, बाजूशस्त्र करताना अंगठा सोलून निघायचा. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला निरोप दिला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

हवालदाराचा_पोर

वाईट वाटलं? २६/११ च्या रात्री सीएसटीवर समोर एके-४७, आणि आपल्या पोलिसांत कुणाकडे थ्री नॉट थ्री, कुणाकडे नुसती लाठी. इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथेच मारले गेले. आणि तुम्ही त्याच बंदुकीच्या लाकडाच्या पॉलिशवर गळे काढताय. माझे वडील हवालदार होते. त्यांनी हीच रायफल खांद्यावर वाहिली. वितळवा म्हणावं सगळ्या, तवे करा.

गोदाकाठ

रायफलीत दोष नव्हता. एक गोळी मारून बोल्ट ओढायचा, ही लांबून नेम धरायची चीज. गर्दीच्या स्टेशनात ऑटोमॅटिकसमोर तिला उभं करणाऱ्यांचा दोष. शिवाय आपण सरसकट थ्री नॉट थ्री म्हणतो त्यातल्या काही मुळात .३०३ नसतातच. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने त्याच आराखड्यात ७.६२ मिमी गोळीची २ए१ रायफल काढली, तिचं मॅगझीन चौकोनी दिसतं...

हवालदाराचा_पोर

माणसं मेली आणि तुम्ही मला मॅगझीनचा आकार सांगताय?

गोदाकाठ

आवाज खाली. माझा मामाही फोर्सात होता.

हवालदाराचा_पोर

मग मामांना विचारा सरावाला किती राउंड मिळायचे. वडील सांगायचे, वर्षातून एकदा रेंजवर न्यायचे, मूठभर गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत. एक पुंगळी हरवली की दुपारभर गवत चाळायचं. नेम कुणाला येणार त्यात?

गोदाकाठ

तेच तर म्हणतोय! माणसाला सराव दिला नाही, हा रायफलीचा गुन्हा कसा?

हवालदाराचा_पोर

बरं, रायफल निर्दोष. तिला हार घाला.

पेठेतला_भाडेकरू

मोडून विकण्यावरून आठवलं. आमच्या वाड्याचं तेच झालं. सागवानी खांब, नक्षीची तुळई, गणेशपट्टी, सगळं आधी सोडवून गेलं आणि मग वाडा "धोकादायक" ठरला. खांब आता कुणाच्या तरी फार्महाउसच्या बारमध्ये असतील. भाडेकरूला काय मिळालं ते विचारू नका.

बोस्टनचा_बंड्या

नाही विचारत. धागा रायफलीचा आहे.

सुटेभाग

इतका वेळ शिव्या खाल्ल्या, आता तोडगा ऐका. कापलेल्या, गंजलेल्या, नंबर न जुळणाऱ्या मी सोडवणारच, त्यात मला काडीची लाज नाही. चारही नंबर जुळणारी पुन्हा हाती लागली तर आधी महिनाभर इथे अख्खी विकायला लावेन. गन शोच्या भावात. मग बघू किती भावनाशील गिऱ्हाइकं खिशात हात घालतात. मागच्या वेळी अख्खीची जाहिरात टाकली होती, सातारकर, तेव्हा तुम्हीच "जरा जास्त सांगताय" म्हणाला होतात.

सातारकर_टेक्सास

जास्तच सांगत होतात. नळीचा फोटोसुद्धा टाकला नव्हता. पण ठीक आहे, महिनाभराची अट मान्य, उपकार झाले. रिसीव्हर अजून आहे ना? माझ्या डीलरकडे पाठवा, किंमत कळवा. आणि बाकीचे भाग कुणाला गेले तेही सांगा, एकेकाला गाठून परत गोळा करतो.

सुटेभाग

गिऱ्हाइकांची नावं देणार नाही. लाकूड नेब्रास्कात गेलं, नोजकॅप ओरेगॉनला. ते लोक परत देतील असं वाटत असेल तर शुभेच्छा. बोल्ट मॅसॅच्युसेट्सला गेला.

सातारकर_टेक्सास

मॅसॅच्युसेट्स?

बोस्टनचा_बंड्या

हो, माझ्याकडे आहे. माझ्या लिथगोला बोल्टच नव्हता, किती वर्षं शोधत होतो. परत मागू नका.

मंजिरी_सिएटल

हेडस्पेस तपासलंत का?

बोस्टनचा_बंड्या

गेज मागवलंय.